आठ आऊट बाकी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी टीव्ही बंद, हा आमच्या घरातला नियम माझाच. नवऱ्याला आणि मुलाला इतकी वर्षं मी तो कडक पाळायला लावला. २० ऑक्टोबर २०२५ च्या सोमवारी तो मोडला कुणी, तर मीच. इकडे देवीपुढे लाह्या-बत्तासे, धणे-गूळ, नवी केरसुणी. आणि तिकडे भिंतीवर आवाज बंद करून लावलेला टोरांटोचा बेसबॉल सामना. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा आणि शेवटचा. तेवढा जिंकला असता तर आमचा सिअ‍ॅटल मरिनर्स जन्मात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अजिंक्यपदाच्या शेवटच्या मालिकेला, गेला असता. संघाचा जन्म १९७७ चा, म्हणजे माझ्याच वयाचा. मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या तीस संघांत वर्ल्ड सिरीजची पायरी एकदाही न चढलेला हा एकटाच.

सकाळी सांगलीहून आईचा फोन आला होता. "आमचं पूजन उद्या आहे, तुमचं आजच कसं?" तिला अमावास्येचं आणि घड्याळाचं गणित समजावून सांगितलं. सामन्याचं काही बोलले नाही. आईला बेसबॉल म्हणजे धोपटणं घेऊन खेळायचा खेळ वाटतो.

हरलो. आधीच सांगून टाकलेलं बरं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला निकाल माहीत नसेल तर उगाच आशा लावून बसायला नको. ते काम आम्ही केलंय.

मी या देशात आले २००१ च्या फेब्रुवारीत. लग्न होऊन दोन महिने झालेले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही आणि बाहेर तो सिअ‍ॅटलचा पाऊस. आपल्याकडचा धो-धो पाऊस नव्हे, दिवसभर कुणीतरी ओला रुमाल झटकत बसल्यासारखा. बॉथेलमध्ये जुळ्या घराचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. नवऱ्याने कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून दोन डॉलरला एक रेडिओ आणला, गजराचं घड्याळ असलेला. तो एएमवर ७१० वर अडकला होता. काटा फिरवला की खरखर, सोडला की परत ७१०. आणि ७१० वर मरिनर्सचे सामने.

रेडिओवर खेळ ऐकणं मला नवं नव्हतं. आमचे अण्णा बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत हिशेबाच्या वह्या तपासायचे. मी जमिनीवर बसून शेंगा सोलायची. खेळपट्टी, यष्टिरक्षक, सीमापार असे शब्द मला मैदान बघायच्या आधी ऐकून माहीत होते. त्यामुळे डेव्ह नीहाउस नावाचा म्हातारा रेडिओवर बोलायला लागला तेव्हा त्याची निम्मी भाषा न कळूनही बरं वाटायचं. चेंडू भिंतीपार गेला की तो ओरडायचा, "माय ओ माय!" पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात दचकलेच. म्हटलं, हा गोरा माणूस आईला का हाक मारतोय?

आमच्या शेजारचे काका, म्हणजे जुळ्या घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे मालक, एव्हरेटच्या बोइंग कारखान्यातून निवृत्त झालेले. भिंत पातळ. माझा रेडिओ त्यांना ऐकू जायचा. एप्रिलमध्ये एकदा दारात आले. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणून सांगायला आले असतील. त्यांनी हातात स्कोअरबुक ठेवलं आणि पेन्सिल. म्हणाले, नुसतं ऐकून खेळ कळत नाही, लिहावा लागतो. मग त्यांच्या पायरीवर बसून मी शिकले: प्रत्येक खेळाडूच्या जागेला एक आकडा, शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसकडे आणि तिथून पहिल्या बेसकडे चेंडू जाऊन दोघे बाद झाले की ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला की स्ट्राइकआऊट, म्हणजे के. फलंदाजाने बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक गेला तर तोच के उलटा, आरशातला. तो उलटा के मला फार आवडायचा. एखादा माणूस नुसता उभा राहून बाद झाला याची वेगळी नोंद ठेवणारा खेळ माझ्या माहितीत दुसरा नाही.

त्याच वसंतात इचिरो सुझुकीही जपानहून सिअ‍ॅटलला आला. मी त्याला मनातल्या मनात बरोबरीचा धरला होता. दोघेही नवखे, दोघांच्याही इंग्रजीची बोंब. ११ एप्रिलला ओकलंडला त्याने उजव्या कोपऱ्यातून थेट तिसऱ्या बेसवर फेक करून टेरेन्स लाँगला बाद केलं. नवरा टीव्हीसमोरून उठून उभा राहिला. हा पुण्याचा मनुष्य तोवर बेसबॉलला "फुलटॉसचा खेळ" म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "सीमारेषेवरून थेट स्टंपावर. हे क्रिकेट आहे." त्याच्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळत नाही. इचिरोने त्या वर्षी २४२ हिट मारले आणि पहिल्याच मोसमात लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान घेतले. मी त्या वर्षी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाले.

आणि संघ? १६२ सामन्यांत ११६ विजय.

हा आकडा क्रिकेटवाल्यांना समजावून सांगावा लागतो. बेसबॉलमध्ये अगदी तळाचा संघही साधारण साठेक सामने जिंकून जातो. अव्वल संघसुद्धा साठ-पासष्ट हरतो. शंभर जिंकले की तो संघ मोठा. ११६ म्हणजे विक्रमाची बरोबरी, १९०६ च्या शिकागो कब्जशी. ते कब्ज पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये आपल्याच गावच्या व्हाइट सॉक्सकडून हरले होते. काकांनी हे मला सप्टेंबरमध्ये सांगितलं. मी मात्र ते पणजोबांच्या काळातली गोष्ट म्हणून ऐकून सोडून दिलं.

मग ११ सप्टेंबर झाला. आठवडाभर खेळ बंद. १९ तारखेला मरिनर्सनी विभाग जिंकला, पण शॅम्पेन उडाली नाही. खेळाडू मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून बसले आणि मग झेंडा घेऊन चालले. त्या दिवसांत नवरा ऑफिसातून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी माझा जीव खालीवर व्हायचा. टीव्हीवर ते पाहताना पहिल्यांदा वाटलं, या गावात आपलं थोडं काहीतरी आहे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही न्यू यॉर्क यांकीजकडून हरलो. एकास चार. पहिले दोन सामने घरीच गेले तेव्हा मॅनेजर लू पिनेला पत्रकारांना तावातावाने म्हणाला होता की सहावा सामना खेळायला आम्ही सिअ‍ॅटलला परत येणार. तिसरा जिंकलो. चौथ्यात नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत दोघांचं खातं कोरं होतं. ब्रेट बूनने होमरन मारून, म्हणजे चेंडू भिंतीपार धाडून, आम्हाला पुढे नेलं, खालच्या अर्ध्यात, म्हणजे यजमानांच्या खेळीत, बर्नी विल्यम्सने बरोबरी केली आणि नवव्यात सासाकीच्या चेंडूवर अल्फोन्सो सोरियानोने खेळ संपवला. पाचवा १२-३. सहावा झालाच नाही.

घरात नवरात्र चालू होतं. घटाच्या मातीत धान उगवून आलेलं, समईत तेल घालायला उठले आणि तिथेच बसून रडले. नवऱ्याला कळेना की हिला नेमकं झालंय काय. त्याने एकच प्रश्न विचारला आणि तो बरोबरच होता: "सात सामन्यांतच ठरवायचं होतं तर १६२ कशाला खेळले?" त्याचं उत्तर मी अजून शोधतेय.

दुसऱ्या दिवशी काका दारात. हातात कागदी पिशवी, त्यांच्या झाडाची सफरचंदं. सामन्याबद्दल एक अक्षर नाही. "ही आंबट आहेत, शिजवून खा," म्हणाले आणि गेले. त्या सफरचंदांचं मी लोणचं घातलं.

नंतर कळलं की काकांनी त्यातला एकही सामना पाहिला नव्हता. प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरचे बादफेरीचे सामने, ते थेट बघत नाहीत. १९९५ च्या ऑक्टोबरात क्लीव्हलँडविरुद्ध सिअ‍ॅटलच्या किंगडोम मैदानात ते हजर होते. रँडी जॉन्सनचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातून निसटला आणि केनी लॉफ्टन दुसऱ्या बेसवरून धावत सुटला तो थेट होमला, म्हणजे धाव पुरी होते तिथे, पोचला. तेव्हापासून काका ऑक्टोबरमध्ये सामन्याच्या वेळेला पानं गोळा करतात, गटार साफ करतात आणि कुंपणावरून मला विचारतात, "किती?" मी आकडा सांगायचा. तेवढाच. त्यापुढचं वर्णन त्यांना चालत नाही. ज्याच्या हातून तो चेंडू निसटला तो कॅचर डॅन विल्सन. नाव लक्षात ठेवा.

मधली एकवीस वर्षं भराभर सांगते, कारण त्यांत प्लेऑफ नाहीच. आम्ही ते अर्धं घर विकत घेतलं. २००३ मध्ये मुलगा झाला. मला परवाना मिळाला, मग नोकरी, मग माझी गाडी, आणि गाडीत पुन्हा ७१०. नीहाउस २०१० च्या नोव्हेंबरमध्ये गेला. त्याच्या वाट्याला मरिनर्सची वर्ल्ड सिरीज आलीच नाही. फेलिक्स हर्नांडेझने २०१२ मध्ये १५ ऑगस्टला परफेक्ट गेम टाकला, सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीस गेले. पण त्या माणसाला साऱ्या कारकिर्दीत प्लेऑफमध्ये एक चेंडू टाकायला मिळाला नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा होईपर्यंत त्याने आपल्या गावचा प्लेऑफ पाहिला नव्हता. मित्रांना सांगायचा, माझी आई सांगते की पूर्वी असं काही असायचं. जणू मी पेशवाईतली.

२०२२ च्या ३० सप्टेंबरला कॅल रॅलीच्या होमरनने ते कुलूप उघडलं. पहिली गाठ टोरांटोशी, त्यांच्याच गावात, आणि माझी नणंद टोरांटोजवळच्या मिसिसागाला. तोवर तिला बेसबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. पण वहिनीला चिडवायची संधी म्हटल्यावर टोरांटोच्या ब्लू जेज संघाचा झेंडाच घेतला. कोजागिरीच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या सामन्यात आम्ही ८-१ ने मागे. तिचे मेसेजवर मेसेज. मग सामना फिरला. आठव्या इनिंगमध्ये जे. पी. क्रॉफर्डने उंच मारलेल्या चेंडूमागे त्यांचा शॉर्टस्टॉप आणि जॉर्ज स्प्रिंगर दोघेही धावले, एकमेकांवर आदळले, चेंडू मधल्यामध्ये पडला आणि तिघे धावून आले. बरोबरी. स्प्रिंगरला गाडीतून बाहेर न्यावं लागलं. १०-९ ने आम्ही जिंकलो आणि मिसिसागाहून मेसेज बंद. स्प्रिंगर हे नावही लक्षात ठेवा.

पुढच्या शनिवारी, १५ ऑक्टोबरला, ह्यूस्टनविरुद्धचा तिसरा सामना. एकवीस वर्षांनी सिअ‍ॅटलमध्ये प्लेऑफ. आधीचे दोन आम्ही हरलेले, त्यातला पहिला तर हातातोंडाशी आलेला घास. मुलगा मैदानावर. दिवाळी नऊ दिवसांवर, म्हणून मी आणि मंडळातल्या दोघी माझ्या घरी अनारसे करायला बसलो होतो. दुपारी एकला सामना सुरू. मी म्हटलं, चारपर्यंत आटपेल आणि आपलंही होईल.

ज्यांनी अनारसे केलेत त्यांना सांगायला नको. मंद आच, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. लक्ष हललं की गेला. नऊ इनिंग झाल्या, शून्य-शून्य. बारा, शून्य-शून्य. मैत्रिणी म्हणाल्या, हा खेळ संपतच नाही का? म्हटलं, नाही, कुणीतरी पुढे जाईपर्यंत संपत नाही. हा खेळ बरोबरी मानत नाही. पंधरा इनिंग. एकीचा नवरा तिला न्यायला आला आणि तोही बसला. अठराव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात जेरेमी पेन्या नावाच्या पोराने, पहिलंच वर्ष त्याचं, चेंडू भिंतीपार धाडला आणि त्याच क्षणी कढईत माझा अनारसा हसला. तुपात विरघळून जाळीच झाली त्याची. सहा तास बावीस मिनिटांनी १-० ने हरलो. मोसम संपला.

मुलगा रात्री घरी आला. घसा बसलेला. ताटलीत हसलेले अनारसे होते, चुरा झालेले. दुधात घालून दोन वाट्या खाल्ले आणि झोपला.

२०२३ मध्ये आम्ही एका सामन्याने प्लेऑफला मुकलो. त्यामुळे तो ऑक्टोबर मी निवांत बसून दुसऱ्यांची दुःखं पाहिली आणि, खरं सांगते, मजा आली. त्या वर्षी शंभर किंवा जास्त सामने जिंकलेले तीन संघ होते. अटलांटा १०४, बाल्टिमोर १०१, लॉस एंजेलिस डॉजर्स १००. तिघेही आपापल्या पहिल्याच मालिकेत गारद. तिघांनी मिळून दहा सामने खेळले आणि जिंकला फक्त एक, तोही अटलांटाने. वर्ल्ड सिरीज झाली ती ९० जिंकलेल्या टेक्सासची ८४ जिंकलेल्या अ‍ॅरिझोनाशी. नवरा म्हणाला, "हा खेळ आहे की मटका?" वर क्रिकेटमध्ये असं होत नाही, हेही ऐकवून झालं.

ऑक्टोबरच्या अखेरीस तो हे म्हणाला. १९ नोव्हेंबरला अहमदाबाद.

आमच्याकडे शनिवारची रात्र साडेबाराची. दहापैकी दहा जिंकून आलेला भारत. मंडळातली पाच कुटुंबं आमच्या दिवाणखान्यात, निळे शर्ट, पहाटेसाठी चहाची थर्मासं. ट्रॅव्हिस हेड खेळायला लागला तसे लोक एक-एक करून मुलांना उचलून निघून गेले. सकाळी आठला सगळं संपलं तेव्हा खोलीत नवरा एकटा, बंद टीव्हीकडे बघत. माझ्या जिभेवर आलं होतं. बावीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं: एकाच सामन्यात ठरवायचं होतं तर आधीचे दहा कशाला खेळले? पण त्याचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन पोहे भिजवले. कांदा जरा जास्तच घातला. त्याने खाल्ले, बशी स्वतः धुतली आणि त्यानंतर बेसबॉलला मटका म्हणाला नाही.

आता २०२५. विभाग जिंकला, २००१ नंतर पहिल्यांदा. कॅल रॅलीचे साठ होमरन, आणि तो तर यष्टिरक्षक, रोज तीन तास उकिडवा बसणारा माणूस. मॅनेजर कोण, तर डॅन विल्सन. २००१ च्या संघातला आणि १९९५ च्या त्या निसटलेल्या चेंडूवाला. काका म्हणाले, "भला माणूस आहे." एवढंच. डेट्रॉइटला पंधरा इनिंगच्या सामन्यात हरवून आम्ही पुढे गेलो. या वेळी जादा इनिंग्जनी आपल्याला हात दिला, म्हणून मला वाटलं की जुना हिशेब मिटला.

मग टोरांटो. पहिले दोन्ही सामने त्यांच्या मैदानावर जिंकले. नणंदेला मी एकच मेसेज केला, दोन बोटांचा. घरी तीन सामने, दोन जिंकले की काम फत्ते. इथे कुणाला सगळेच्या सगळे हरवायची वेळ आली की लोक मैदानावर झाडू घेऊन जातात. स्वीप म्हणजे झाडून टाकणं. मी इंडियन स्टोअरमधून पूजेची केरसुणी आणून ठेवली होती. मुलगा म्हणाला, "आई, ही नेतो." आणि मी, सांगलीत केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायला लावणाऱ्या घरातली मुलगी, "ने" म्हणाले.

१३-४ ने हरलो. दुसऱ्या दिवशी ८-२. मुलाने केरसुणी परत आणून दिली ती न बोलता. मी ती पुसून देव्हाऱ्यापाशी उभी केली आणि देवीची माफी मागितली. हसा हवं तर.

वसुबारसेला पाचवा सामना. आठव्या इनिंगपर्यंत एका धावेने मागे. रॅलीने बरोबरी केली, मग तिन्ही बेसवर माणसं आणि एउहेनिओ सुआरेझचा होमरन. चार धावा एका फटक्यात. माझ्या ओरडण्याने काका बागेतून धावत आले, त्यांना वाटलं मी भाजले. "किती?" "सहा-दोन." ते जागच्या जागी बसले, ओल्या गवतात. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, त्याला उठवायला आम्ही दोघं लागलो.

सहावा सामना त्यांच्या गावी, हरलो. सांगण्यासारखं काही नाही, आम्हीच आमच्या पायात पाय घातले.

आणि सातवा, लक्ष्मीपूजनाचा. हुलिओ रॉड्रिगेझने होमरन मारला तेव्हा मी फुलं निवडत होते. रॅलीने मारला तेव्हा हातात पंचामृताची वाटी. ३-१. नवरा म्हणाला, "लक्ष्मी आली." मी त्याला गप्प केलं, असलं बोलायचं नसतं. आरती झाली. पणत्या पायरीवर लावायला बाहेर गेले तर कुंपणापाशी काका, हातात दाताळं, अंधारात पानं गोळा करण्याचं सोंग.

"किती?"

"तीन-एक. सहा इनिंग झाल्या."

त्यांनी पणत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेले.

सातव्याच्या खालच्या अर्ध्यात आमच्या गोलंदाजाने, ब्रायन वूने, पहिल्याला फुकट चालून जाऊ दिलं. दुसऱ्याने हिट मारला. तिसऱ्याने बंट टाकून, म्हणजे चेंडू हलकेच खाली टेकवून, दोघांना पुढे सरकवलं, स्वतः बाद झाला. एकूण सत्तावीस आऊट लागतात, एकोणीस झाले होते. आठ बाकी. आणि खेळायला स्प्रिंगर. डॅन विल्सन बाहेर आला, वूच्या हातून चेंडू घेतला आणि एदुआर्द बझार्डोला बोलावलं.

इथे माझं एक म्हणणं आहे आणि ते कुणी खोडून दाखवावं. आपला सर्वांत खतरनाक गोलंदाज आंद्रेस मुन्योस बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव गोलंदाजांच्या जागी. तो नवव्या इनिंगसाठी राखलेला. बुमराहला विसाव्या षटकासाठी ठेवायचं आणि सामना सतराव्यात हरायचा, असलाच हा प्रकार. आग लागलीय आत्ता आणि बंब ठेवलाय दोन तासांनी लागेल म्हणून. बझार्डोने वर्षभर चांगलं काम केलं होतं, त्याच्यावर माझा राग नाही. पण पुढे फलंदाज कोण, तर तीन दिवसांपूर्वी आपल्याच चेंडूने ज्याचा गुडघा सुजला होता तो लंगडणारा स्प्रिंगर. असल्या माणसाला हिंदी सिनेमात कोण बाद करतं?

आवाज बंद होता. त्यामुळे फटका ऐकू आला नाही. नुसता चेंडू डावीकडे जाताना दिसला आणि चव्वेचाळीस हजारांवर माणसं आवाज न करता उड्या मारताना. ४-३. लक्ष्मीपुढची समई तेवढी शांत.

उरलेल्या दोन इनिंग आम्ही पाहिल्या कारण उठवलं नाही. शेवटचा आऊट हुलिओ, स्ट्राइकआऊट. स्कोअरबुकात मी तो के लिहिला. सरळ, त्याने बॅट फिरवली होती. मग नवऱ्याने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "पानं घेतो." पुरणपोळी होती. त्याने वाढली, त्याने तूप घातलं. मुलगा आणि मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाचं ताट घेऊन काकांकडे गेले. चोवीस वर्षांत दिवाळीचं ताट कधी चुकलं नाही. दार उघडून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हणजे "किती" विचारायची गरज उरली नाही. चकली उचलली. अर्धी खाऊन झाल्यावर एकच शब्द.

"मुन्योस?"

"नाही. बझार्डो."

त्यांनी मान हलवली, उरलेली चकली खाल्ली आणि लाडू कशाचा आहे ते विचारलं.

नणंदेने त्या रात्री चिडवलं नाही, हे तिला श्रेय. दुसऱ्या दिवशी मात्र निळ्या जर्सीतला फोटो आला, सहकुटुंब. मी त्यावर दिवाळीच्या शुभेच्छा लिहिल्या आणि फोन उताणा ठेवला तो पालथा केला.

वर्ल्ड सिरीजमध्ये मी डॉजर्सच्या बाजूने होते, खोटं कशाला बोलू. तीही सातव्या सामन्यापर्यंत गेली. १ नोव्हेंबर, शनिवार. टोरांटो सुरुवातीलाच ३-० ने पुढे, नवव्या इनिंगला ४-३. दोन आऊट बाकी होते. दोनच. आणि मिगेल रोहास, ज्याच्याकडून कुणी काही अपेक्षा ठेवली नव्हती, त्याने होमरन मारून बरोबरी केली. अकराव्यात विल स्मिथने मारला आणि डॉजर्स जिंकले.

पाच-दहा मिनिटांत फोन वाजला. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. बारा दिवस मी या फोनसाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकाहून एक. नवऱ्याला वाचूनसुद्धा दाखवली होती.

"वहिनी," ती म्हणाली. आवाज बसलेला. "दोन आऊट राहिले होते गं."

"जेवलीस का?"

"नाही. सहापासून बसलोय सगळे."

"घरात काय आहे?"

"भात आहे दुपारचा."

"मग फोडणीला टाक. दाण्याचं कूट घाल वरून. जा, मी फोनवर आहे."